सीटीच्या खोलीत नुसती बटणं दाबत नाहीत

परभणी जिल्ह्यातले एक वडील लिहितात : मुलीनं दोनदा नीट दिली, आता तिला इमेजिंगचा, म्हणजे सीटी-एमआरआयसारखे स्कॅन काढायचा कोर्स करायचाय. "बटणं दाबायला का शिकवू? तिसऱ्यांदा लातूरला पाठवू का?"

दादा, तुमच्या पत्रात मार्कांच्या दोन ओळी आहेत आणि "गावाला काय सांगू" तीनदा. मुलीचं म्हणणं एकाच वाक्यात उरकलंय : मामाच्या स्वादुपिंडाच्या जुन्या आजाराचा सीटी पाहिल्यापासून तिला हेच शिकायचंय. ती आता जेवायला सगळ्यांसोबत बसत नाही, असं लिहून तुम्ही लगेच क्लासच्या फीवर आलात. मला काळजी वाटते ती या जेवणाची. आज तिच्याजवळ बसा, नीटचा विषय न काढता. तिसरा प्रयत्न तिला नको असेल तर तो करायचा नाही.

आता बटणाचं. मामांच्या या आजारात स्वादुपिंडाची ग्रंथी घट्ट होऊन आकसते, तिच्यातला रक्तप्रवाह घटतो. तो मोजायला काही मोठ्या केंद्रांत सीटी परफ्युजन नावाचा स्कॅन करतात. आधी क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाची रक्ततपासणी बघायची. कोपराजवळच्या शिरेत १८ किंवा २० नंबरची सुई, तिच्यातून सुमारे ४०-५० मिली कॉन्ट्रास्ट (स्कॅनमध्ये रक्त उठून दिसावं म्हणून द्यायचं औषध) सेकंदाला ४-५ मिली वेगानं, मागून सलाईन. मग त्याच भागाचे दर एक-दोन सेकंदांनी फोटो, जवळपास मिनिटभर. सुई नीट बसली नसेल तर औषध शिरेबाहेर जाऊन हात सुजतो. पेशंटनं खोल श्वास घेतला की स्वादुपिंड खाली सरकतं आणि त्या जागी आतडं मोजलं जातं. शेवटी मोजायची जागा दाखवायला स्क्रीनवर महाधमनीवर एक वर्तुळ काढायचं, ग्रंथीवर दुसरं; उत्तर येतं १०० मिली ऊतीला मिनिटाला किती मिली रक्त. आकसलेल्या ग्रंथीत वर्तुळ मागच्या प्लीहेच्या शिरेवर घसरलं तर प्रवाह खोटा वाढतो, ग्रंथीतल्या फुगलेल्या नळीवर किंवा खड्यावर गेलं तर खोटा घटतो. रिपोर्ट डॉक्टर लिहितात, पण तंत्रज्ञानं स्कॅन बिघडवला तर त्यांच्या हाती काहीच उरत नाही.

नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाचा बीपीएमटी, म्हणजे पॅरामेडिकल टेक्नॉलॉजीची पदवी, तीन वर्षांचा, वर एक वर्ष इंटर्नशिप. या पदवीवर स्वतः सोनोग्राफी करता येत नाही, कायद्यानं ते काम पात्र डॉक्टरचंच. करता येते असं सांगून कुणी डिप्लोमा विकत असेल तर तिथून उठा. फॉर्म भरण्याआधी कॉलेजात जाऊन बघा : सीटी, एमआरआय त्यांच्याच रुग्णालयात आहे का, विद्यार्थ्यांना कन्सोलवर, म्हणजे मशीन चालवायच्या संगणकावर बसू देतात का. मुलीला सोबत न्या आणि हे प्रश्न तिलाच विचारू द्या.