रिमोट कंट्रोलवर चालणाऱ्या छोट्या टूरिंग कारच्या रबर टायरना पकड वाढवणारं अ‍ॅडिटिव्ह किती वेळ लावून ठेवावं? पहिली दोन मिनिटं माझी गाडी मागून घसरते, नंतर ठीक चालते. एकाने मागची स्प्रिंग मऊ करायला आणि डिफमधलं (डाव्या-उजव्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या गिअरमधलं) ऑइल बदलायला सांगितलंय.

आकडाच हवा असेल तर २० मिनिटं. मागच्या टायरना पूर्ण रुंदीला, पुढच्यांना आतल्या अर्ध्या भागाला, ६० अंशांच्या वॉर्मरमध्ये, म्हणजे टायर तापवायच्या उपकरणात. ट्रॅकवर ठेवण्याआधी कोरडं होईपर्यंत पुसायचं. एवढ्यावर थांबलो असतो, पण तुम्हाला कुणीतरी ‘मागची स्प्रिंग मऊ करा, डिफ ऑइल बदला’ असं सुचवलंय म्हणता, ते वाचून राहवलं नाही.

मी जर्मनीत, श्टुटगार्टजवळ राहतो. हिवाळ्यात हॉलमध्ये कार्पेटवर चालवतो, उन्हाळ्यात क्लबच्या डांबरी ट्रॅकवर. पिटमध्ये माझ्या शेजारच्या टेबलावर नगरकडचा एक मित्र असतो. नोकरीतही तो सस्पेन्शनचंच काम करतो, त्यामुळे गाडीचा कुठलाही आजार त्याला सस्पेन्शनचाच वाटतो. खोकाभर स्प्रिंगा, प्रत्येकीवर चिठ्ठी. जगज्जेत्यांच्या सेटअप शीट छापून प्लास्टिकच्या पाकिटात घातलेल्या. त्या शीटवर टायरसाठी एक छोटा चौकोन असतो, तो मात्र हा माणूस वाचत नाही.

एका एप्रिलमधली शर्यत. सकाळी डांबर अक्षरशः गारठलेलं. दोघांच्याही गाडीत १७.५ची (साडेसतरा वेढ्यांची) मोटर, आणि त्या मालिकेत सगळ्यांना एकच टायर: कंपाउंड (रबराचं मिश्रण) तेच, आतला फोम तोच, रिमसकट चिकटवून आलेला. म्हणजे माणसामाणसांत फरक पडणार तो टायर तयार करण्यातच. हा पठ्ठ्या हीटच्या (फायनलआधीच्या फेरीच्या) जरा आधी अ‍ॅडिटिव्ह चोपडायचा आणि टायर चमकत असतानाच गाडी ट्रॅकवर. पहिल्याच वळणाला मागचा भाग पुढे! दोन मिनिटांनी गाडी ताळ्यावर यायची, तोवर हीट गेलेली. पाच मिनिटांची तर असते.

मग दर हीटनंतर पाना बाहेर. आधी स्प्रिंग, मग अँटी-रोल बार, मग कॅम्बर (चाकाचा उभा कल) २ अंशांवरून दीड, मग मागचा टो (मागची चाकं आत वळलेली असतात तो कोन) ३ वरून साडेतीन. दुपारपर्यंत ऊन चढलं, डांबर तापलं, सगळ्यांच्याच गाड्या चिकटून चालायला लागल्या. ह्याच्या लेखी श्रेय कुणाला? शेवटी जे बदललं त्याला.

फायनलच्या आधी ढग आले आणि ट्रॅक पुन्हा गार. दुसऱ्याचा सेट वापरायला नियमात परवानगी नव्हती, म्हणून मी त्याचेच टायर मागून घेतले. सकाळपासूनचा थर क्लीनरने काढला, अ‍ॅडिटिव्ह लावलं, माझ्या वॉर्मरमध्ये घातले, मधे एकदा पुसून पुन्हा लावले आणि गाडी उचलायच्या वेळी कोरड्या फडक्याने घासून दिले. पहिल्या लॅपपासून त्याची गाडी रुळावर असल्यासारखी. माझ्या पुढे संपवलं त्याने. मंचावरून उतरला आणि मला म्हणाला, “बघ, स्प्रिंगचाच प्रॉब्लेम होता.”

तर तुमच्या गाडीचं. अ‍ॅडिटिव्ह रबरात मुरून वरचा थर मऊ करतं, उष्णतेने ते लवकर मुरतं. जे मुरलं नाही ते वर तेलासारखं राहतं आणि गाडी घसरवतं. पहिली दोन मिनिटं तुम्ही ट्रॅकवर टायर पुसताय आणि तापवताय, ते काम टेबलावर उरका. पुढचे टायर आधी पकडतात आणि मागचे उशिरा, म्हणूनही मागून सुटते. पुढे अर्ध्या रुंदीला लावायचं ते यासाठी. उलट, गाडी सुरुवातीला झकास आणि चौथ्या मिनिटाला ढिली होत असेल तर अ‍ॅडिटिव्ह जास्त मुरलंय किंवा कंपाउंड ट्रॅकला मऊ पडतंय. टायरवरचे २८, ३२, ३६ हे आकडे साधारण ट्रॅकच्या तापमानाचे समजा, हवेच्या नव्हे. इन्फ्रारेड थर्मामीटर घ्या. नव्या मोटरपेक्षा स्वस्त पडतो आणि जास्त उपयोगी आहे.

नवे टायर आधी क्लीनरने पुसा, साच्यातून काढताना लावलेला थर त्यावर असतो. प्रत्येक सेटवर मार्करने नंबर टाका, किती वेळा चालला तेही लिहा. शर्यतीनंतर झिपच्या पिशवीत. कार्पेटवर गाडी उलटत असेल तर पुढच्या टायरच्या बाहेरच्या कडेला सुपरग्लूचा पातळ थर द्या.

आता पुण्यात पार्किंगमध्ये चालवत असाल तर यातलं निम्मं विसरा. धुळीच्या डांबरावर अ‍ॅडिटिव्ह लावलेला टायर सगळी माती उचलतो, आणि एप्रिलच्या दुपारी तिथे वॉर्मरची गरजच काय? ३६ किंवा ४० घ्या, जागा झाडून घ्या, टायर स्वच्छ ठेवा. हॉलमध्ये असाल तर आधी नियम विचारा, बऱ्याच ठिकाणी बिनवासाचंच अ‍ॅडिटिव्ह चालतं. जुन्या प्रकारच्या काहींमध्ये विंटरग्रीनचं तेल असायचं, अख्ख्या हॉलला गुडघ्याच्या बामाचा वास. हातमोजे घाला, खिडकी उघडी ठेवा, आणि वॉर्मर चालू ठेवून मार्शलिंगला (ट्रॅकवर उलटलेल्या गाड्या सरळ करायला) जाऊ नका.

सेटअप निरुपयोगी आहे असं मी म्हणत नाहीये. दोन्ही बाजूंचा ड्रूप (गाडी उचलल्यावर चाक किती खाली लोंबतं ते) सारखा आहे का, डिफ गळतंय का, टायर आतल्या कडेने शंकूसारखा झिजतोय का, हे बघायलाच हवं. झिजत असेल तर कॅम्बर कमी करा. पण हे घरी करायचं काम, दोन हीटच्या मधे नव्हे.

एक दिवस गाडीला पाना लावू नका. फक्त टायरची वेळ, तापमान आणि पुसणं बदलत जा, दर वेळी पहिल्या पाच लॅपचे टाइम लिहा. सवड मिळाली तर ते इथे टाका. आमचे नगरकरही हे वाचतात, त्यांना काही म्हणायचं असेल तर त्यांनी त्या फायनलचे लॅप टाइम लावून म्हणावं. क्लबच्या साइटवर अजून आहेत.