स्कॅट म्हणजे तराणा का? एला फिट्झजेराल्डच्या निमित्ताने

प्रश्न असा आला आहे : ‘जॅझ गायिका एला फिट्झजेराल्डवरच्या एका मराठी लेखात “ती तराणा गाण्यात निष्णात होती” असं वाचलं. मूळ शब्द स्कॅट असणार हे उघड आहे. स्कॅटला तराणा म्हणावं का? आणि शब्द आठवेनासे झाले की गायक काहीबाही म्हणून वेळ मारून नेतो, तेच स्कॅट, हे खरं का?’

दोन्हींचं उत्तर ‘नाही’ असंच आहे. स्कॅट म्हणजे जॅझमध्ये शब्दांऐवजी ‘डू’, ‘बी’ असल्या बोलांवर आयत्या वेळी सुचेल तसं गाणं. आधी दुसरा प्रश्न घेतो.

शब्द विसरण्याची दंतकथा जॅझमधला ट्रम्पेटवादक-गायक लुई आर्मस्ट्राँग याच्यापासून चालत आली. फेब्रुवारी १९२६मध्ये शिकागोत ‘हीबी जीबीज’चं ध्वनिमुद्रण चालू असताना त्याच्या हातातला शब्दांचा कागद खाली पडला, आणि तबकडी वाया जाऊ नये म्हणून त्याने तोंडाला येतील ती अक्षरं गायली, असं तो स्वतःच सांगे. त्या तबकडीने लोकांना वेड लावलं हे खरं. पण अशी अक्षरं गाण्याचा प्रकार त्याआधीचाही आहे. जीन ग्रीन नावाच्या गायकाची १९११ची तबकडी उपलब्ध आहे. शिवाय कागद पडल्यावर एवढं सुरेल आणि तालात सुचतं, ते आधी गळ्यात असल्याशिवाय नाही.

एलाच्या बाबतीत हीच गल्लत बर्लिनच्या मैफलीवरून होते. १३ फेब्रुवारी १९६०. ‘मॅक द नाइफ’ गाताना ती मधेच शब्द विसरली. मग तिने केलं काय? उभ्या उभ्या नवे शब्द रचले. आपल्याला पुढचं आठवत नाही हेही चालीत बसवून सांगितलं, हेच गाणं आधी गाजवणाऱ्या बॉबी डॅरिन आणि आर्मस्ट्राँगची नावं गोवली, आपण गाण्याची पार वाट लावतोय अशी कबुली देऊन टाकली आणि वर आर्मस्ट्राँगच्या खरखरीत आवाजाची नक्कलही केली. या सादरीकरणाला पुढे ग्रॅमी मिळालं. आपल्याकडे याला शीघ्रकवित्व म्हणतील. नकलेच्या जागी थोडी नुसती अक्षरं येतात, पण कडवी तोलून धरली ती शब्दांनीच.

खरं स्कॅट ऐकायचं तर त्याच मैफलीतलं ‘हाउ हाय द मून’ ऐका. त्याचे शब्द तिला तोंडपाठ होते. ते बाजूला ठेवून ती कितीतरी मिनिटं नुसत्या अक्षरांवर धावते. वाटेत सॅक्सोफोनवादक चार्ली पार्करची ‘ऑर्निथॉलॉजी’ येते, कारण ती धून याच गाण्याच्या स्वरसंगतींवर (कॉर्ड्सवर) बांधलेली आहे. आणखी किती गाण्यांच्या ओळी चुटक्यासरशी येऊन जातात. शेवटाकडे ‘डोळ्यांत धूर जातो’ अशा अर्थाच्या एका जुन्या गाण्याची ओळ उचलून ती ‘डोळ्यांत घाम जातोय’ अशी करते. घाम खराच असणार!

आता तराणा. वरवर साम्य आहे : ‘दिर दिर’, ‘तोम्’, ‘तदानी’, तिकडे ‘डू’, ‘बी’, ‘बॉप’. पण तराणा ही बंदिश आहे. तिला स्थायी-अंतरा असतो, अक्षरं ठरलेली असतात, गुरूकडून शिष्याकडे जातात. गायक तिच्यात स्वतःची भर घालतो, पण बंदिशीला धरून. ती अक्षरं निरर्थक आहेत हेही सगळ्यांना मान्य नाही. उस्ताद अमीर खाँ त्यांच्यात फारसी अर्थ पाहत. स्कॅटमध्ये अक्षरांची बंदिश नसते. गाण्याची लांबी आणि स्वरसंगती तेवढी पक्की, त्यावर काय गायचं ते त्या क्षणी ठरतं. उद्या तेच गाणं गाताना दुसरं काही येईल.

त्याहून मोठा फरक दिशेचा आहे. आपल्याकडे गाणं वरचढ, म्हणून सतारवादकाचं कौतुक करताना आपण ‘गायकी अंगाने वाजवतो’ म्हणतो. स्कॅटमध्ये गळा वाद्याच्या अंगाने जातो. तराण्यातही सतारीचे, पखवाजाचे बोल डोकावतात, पण गायक तिथे वादकांच्या रांगेत जाऊन उभा राहत नाही. एला राहिली.

त्यासाठी तिची वाटचाल पाहावी लागते. जन्म १९१७चा, व्हर्जिनियातल्या न्यूपोर्ट न्यूजचा. वाढली न्यूयॉर्कजवळच्या याँकर्समध्ये. आई १९३२मध्ये गेली, त्यानंतरचे दिवस सुधारगृहात आणि रस्त्यावर गेले. २१ नोव्हेंबर १९३४ला न्यूयॉर्कमधल्या हार्लेमच्या अपोलो थिएटरात हौशी कलाकारांच्या स्पर्धेत ती उतरली ती नाचायला. तिच्या आधी दोन बहिणींचा नाच इतका रंगला की हिचा धीर सुटला आणि ही गायली. पहिलं बक्षीस पंचवीस डॉलर. पुढच्या वर्षी ड्रमवादक चिक वेबच्या वाद्यवृंदात शिरली. हा वाद्यवृंद वाजवायचा त्या हार्लेममधल्या सॅव्हॉय बॉलरूममध्ये लोक यायचे नाचायला. तिथे लय डळमळली तर श्रोते तोंडाने नव्हे, पायांनी सांगत. १९३९मध्ये वेब वारला आणि वाद्यवृंद तिच्या नावाने चालू राहिला.

वाद्यवृंदात गायिकेच्या वाट्याला गाण्याचा एखादा फेरा यायचा. मोकळं उडायची मुभा ट्रम्पेट आणि सॅक्सोफोनला. एलाने ती मुभा गळ्याने घेतली. बँडमधली वाद्यं जे करत होती ते आपण करून पाहत होतो, असं ती सांगे. १९४५चं तिचं ‘फ्लाइंग होम’ ऐकलं की हे पटतं. नंतर ट्रम्पेटवादक डिझी गिलेस्पीच्या वाद्यवृंदाबरोबरच्या दौऱ्यात बीबॉप या तेव्हाच्या नव्या जॅझ शैलीची वेगवान वळणंही तिने आत्मसात केली. ट्रम्पेटच्या तुटक फुंकीला ‘ब’ आणि ‘ड’, लांबवलेल्या स्वराला ‘ऊ’ : अक्षर निवडताना वाद्य कानात आहे हे लगेच कळतं.

थोडं विषयांतर, पण राहवत नाही. ७ ऑक्टोबर १९५५ला ह्यूस्टनमधल्या मैफलीच्या वेळी तिच्या रंगपटात पोलिस घुसले. तिचा व्यवस्थापक नॉर्मन ग्रॅन्झ याने प्रेक्षागृहात गोरे-काळे वेगळे बसवू दिले नव्हते, त्याचा राग होता. गिलेस्पी आणि सॅक्सोफोनवादक इलिनॉय जॅके फासे खेळत होते, एवढं निमित्त पुरलं. एलालाही धरून नेलं, आणि ठाण्यावर तिथल्याच पोलिसांनी तिच्याकडे आठवण म्हणून सही मागितली. चार वर्षांनी पहिल्या ग्रॅमी सोहळ्यात तिला दोन पारितोषिकं मिळाली. तो मान मिळवणारी ती पहिली कृष्णवर्णीय स्त्री.

कोणी विचारेल, मग सी. रामचंद्रांचं ‘ईना मीना डीका’? त्यात गोव्याच्या वादकांचा आणि कोकणीतल्या ‘माका नाका’चा हात असल्याचं सांगतात. गाणं झकास आहे, ढंगही जॅझच्या जवळचा. पण ती अक्षरं लिहून बसवलेली आहेत. म्हणून तेही स्कॅट नव्हे.

तेव्हा मराठीत ‘स्कॅट’च लिहावं. इंग्रजीत मांजराला हुसकायलाही हाच उद्गार आहे, पण संगीतातला शब्द बहुधा त्या अक्षरांच्याच अनुकरणातून आला असावा. भाषांतर करायला त्यात काही नाही. पहिल्यांदा वापरताना ‘वाद्याच्या अंगाने, आयत्या वेळी सुचलेल्या बोलांवर गाणं’ असा खुलासा द्यावा. ‘निरर्थक अक्षरं’ मला खटकतं. तबल्याच्या ‘धा’ला आपण निरर्थक म्हणत नाही, बोल म्हणतो. लिंगाबद्दल म्हणाल तर ‘ते स्कॅट’ कानाला बरं वाटतं, आणि क्रियापद ‘गाणे’; ‘स्कॅट करणे’ म्हणजे व्यायामातल्या स्क्वॉटसारखं ऐकू येतं.

त्या लेखातल्या वाक्याला आणखी एक पुस्ती. एला म्हणजे फक्त स्कॅट नव्हे. १९५६ ते १९६४ दरम्यान तिने अमेरिकन संगीतकार-गीतकारांची गाणी ‘साँगबुक’ नावाच्या आठ संचांत गायली, आणि तिथे शब्दाला कुठे धक्का म्हणून नाही. कोल पोर्टरच्या गाण्यांच्या पहिल्याच संचात एकेक व्यंजन स्वच्छ ऐकू येतं. म्हणून लेखकाने ‘स्कॅट गाण्यातही निष्णात होती’ असं लिहिलं असतं तर माझी काही तक्रार नव्हती.