भौतिकीचे नियम वेगळे असते तर पी = एनपी झालं असतं का?

नाही. पी म्हणजे संगणकाला झटपट सोडवता येणारे प्रश्न; एनपी म्हणजे ज्यांचं उत्तर हाती दिलं तर ते झटपट तपासता येतं असे प्रश्न. या दोन्हींची व्याख्या ट्युरिंग यंत्रावर, म्हणजे संगणकाच्या गणिती नमुन्यावर, बेतलेली आहे आणि ते यंत्र कागदावरचं आहे. गुरुत्वाकर्षण बदललं म्हणून मूळ संख्या बदलत नाहीत, तसंच हेही. बदलेल ते एवढंच, की त्या विश्वात कोणतं यंत्र बांधता येईल. तुमच्या प्रश्नातला रस मला तिथेच वाटतो.

माझं सर्वांत आवडतं उदाहरण अवकाशाच्या आकाराचं आहे. समजा, 100 बटणं आहेत, प्रत्येक चालू किंवा बंद. दिलेल्या सगळ्या अटी पाळणारी एखादी मांडणी आहे का? एकूण मांडण्या 2चा 100वा घात, म्हणजे साधारण एकावर 30 शून्यं. तेवढे संगणक एकदम कामाला लावू म्हटलं, तर ते ठेवायचे कुठे? निरोप प्रकाशापेक्षा वेगाने जात नाही, त्यामुळे आपल्या सपाट अवकाशात ठरावीक वेळात गाठता येणारी जागा त्या वेळेच्या घनाइतकीच वाढते. हायपरबोलिक अवकाश मात्र परकराच्या झालरीसारखं असतं: कडेला जावं तसं कापड वाढतच जातं, चुण्यांवर चुण्या. तिथे ठरावीक अंतरागणिक जागा दुप्पट होते. मग प्रत्येक पायरीला दोन फांद्या फुटणारं झाड ऐसपैस मावतं. शंभर पायऱ्या खाली जायचं, प्रत्येक पानाने आपली एक मांडणी तपासायची, आणि ‘सापडली’ हा निरोप तेवढ्याच पायऱ्यांत वर येतो! मोरिस मार्गेनस्टर्न आणि केनिची मोरिता यांनी 2001 मध्ये हे हायपरबोलिक प्रतलावरच्या सेल्युलर ऑटोमेटासाठी (शेजाऱ्यांकडे पाहून ठरावीक नियमाने बदलणाऱ्या घरांच्या जाळ्यासाठी) दाखवून दिलं. पी आणि एनपी तिथेही जिथल्या तिथेच. फक्त ‘झटपट सुटणारं’ म्हणजे पी, हे समीकरण तिथे मोडतं.

कालप्रवासाचं उत्तरही पक्कं आहे. भूतकाळात पाठवलेली माहिती स्वतःशी सुसंगत राहिली पाहिजे, हा डेव्हिड डॉइच यांचा 1991चा नियम धरला, तर साधा संगणक आणि क्वांटम संगणक दोघेही नेमके पीस्पेसपर्यंत (वेळ कितीही लागो, पण बेताच्या स्मृतीत सुटणारे प्रश्न; एनपी त्यातच येतो) पोचतात, असं स्कॉट आरनसन आणि जॉन वॉट्रस यांनी सिद्ध केलं.

आपल्या विश्वाच्या सर्वांत जवळची शक्यता मात्र वेगळी आहे. डॅनियल एब्रम्स आणि सेथ लॉइड यांनी 1998 मध्ये दाखवलं, की पुंजयांत्रिकी (क्वांटम मेकॅनिक्स) किंचित जरी अरेषीय निघाली, म्हणजे अवस्थांची बेरीज केली की परिणामांचीही तशीच बेरीज होते हा तिचा नियम जरासा जरी ढळला, तरी तिच्या जोरावर एनपी-पूर्ण, म्हणजे एनपीतले सर्वांत अवघड, प्रश्न झटपट सोडवता येऊ शकतील. तशी अरेषीयता स्टीव्हन वाइनबर्ग यांनी 1989 मध्ये मांडून पाहिली होती. प्रयोगांत तिचा मागमूस अजून लागलेला नाही.