ट्रॉमा थेरपी येत नसताना सायकियाट्रिक सोशल वर्करला निर्वासित छावणीत काम मिळतं का?

तुम्ही लिहिलंय की मनोरुग्णालयात चार वर्षं काम करताय, पण ‘फक्त गृहभेटी, नातेवाइकांशी बोलणं आणि कागदपत्रं’. आता युद्ध किंवा आपत्तीच्या जागी मानसिक आरोग्याचं काम करायचंय, ट्रॉमा थेरपी, म्हणजे मोठ्या आघातानंतरचे मानसिक उपचार, शिकलेली नाही. घेतील का, आणि गेलं तर टिकता येईल का, असे तुमचे दोन प्रश्न आहेत.

घेतात. ट्रॉमा थेरपी मलाही येत नव्हती. उलट, ती थोडीफार येते अशा समजुतीत मी पहिल्याच आठवड्यात घोळ घातला.

२०१८ सालची गोष्ट, बांगलादेशातल्या कॉक्स बाजारची. ऑगस्ट २०१७ पासून सात लाखांहून जास्त रोहिंग्या म्यानमारमधून तिथे आले होते. टेकड्यांवर बांबू आणि ताडपत्रीच्या झोपड्या, खाली चिखल. एका बाईला मी विचारलं, “तेव्हा काय काय झालं, सांगाल का?” ती सांगू लागली. भाषांतर करणाऱ्या स्वयंसेविकेचा आवाज हळूहळू बारीक होत गेला, मग ती उठून बाहेर गेली. तीही त्याच वाटेने आली होती, हे विचारायचं मला सुचलं नव्हतं. दोन बायकांच्या जखमा उकरल्या आणि दोघींपैकी एकीलाही द्यायला माझ्याकडे काही नव्हतं. जागतिक आरोग्य संघटना आणि इतरांनी २०११ मध्ये काढलेल्या मानसिक प्रथमोपचाराच्या पुस्तिकेत साफ लिहिलंय, माणूस आपणहून बोलला तर ऐका, खोदून विचारू नका. मी ती विमानात वाचली होती!

मग काम काय असतं? इंटर-एजन्सी स्टँडिंग कमिटी ही संयुक्त राष्ट्रं आणि मदतसंस्थांची समन्वय समिती, तिची संकटातल्या मानसिक आरोग्याबद्दलची २००७ ची मार्गदर्शक तत्त्वं आजही या क्षेत्राचा पाया आहेत. त्यातला चार थरांचा पिरॅमिड मुलाखतीत विचारतातच. तळाला पाणी, अन्न, सुरक्षितता, आणि ती माणसाचा मान राखून देणं. त्यावर कुटुंब आणि वस्तीचा आधार. त्यावर तज्ज्ञ नसलेल्या पण प्रशिक्षित माणसांनी केलेली मदत. तज्ज्ञांचा थर अगदी टोकाला, लहानसा. संघर्षग्रस्त भागात साधारण २२ टक्के लोकांना कुठला ना कुठला मानसिक आजार असतो, हा जागतिक आरोग्य संघटनेचा २०१९ चा अंदाज. तीव्र आजार असतो तो एकूण लोकांतल्या सुमारे ५ टक्क्यांना. या २२ टक्क्यांबाहेरच्यांना आजार नसतो, दुःख असतं. रात्री शौचालयाकडे जायच्या वाटेवर दिवा लागला तर बायकांची झोप सुधारते. तो दिवा कोणाकडून लावून घ्यायचा हे शोधणं तुमच्या कामात येतं, आणि तुमच्यासारखं लोकांमागे लागायची सवय असलेल्या माणसालाच ते जमतं.

त्या ५ टक्क्यांतलं एक उदाहरण देते, ओळख पटणार नाही एवढं बदलून. एका विशीतल्या मुलाला आईने झोपडीच्या बांबूला दोरीने बांधून ठेवलं होतं. पळून येताना त्याची औषधं तुटली आणि जुना आजार उसळला. डॉक्टरांनी हॅलोपेरिडॉल हे मनोविकारावरचं औषध सुरू केलं, तो शांत झाला. दोरी मात्र सुटेना. आम्ही हक्कांबद्दल बोलायचो, ती मान हलवायची आणि गाठ तपासायची. तिसऱ्या भेटीत ती म्हणाली, “हा चालत सुटला तर कुठली झोपडी आपली, हे कोणाला सांगेल?” हजारो झोपड्या, सगळ्या एकसारख्या. मग तिच्या भागाच्या पुढाऱ्याला गाठलं (तिथे त्याला ‘माझी’ म्हणतात, मराठी कानाला ते सारखं अडखळवतं), शेजारच्या चार घरांत मुलाची ओळख करून दिली, त्याच्या मनगटाला खुणेची पट्टी बांधली. आधी दिवसातून तासभर दोरी सोडली, शेजारचा एक म्हातारा त्याच्याजवळ बसायचा. महिन्याने ती दोरी कपडे वाळत घालायला होती. यात थेरपी कुठे आहे ते मला अजून सांगता येत नाही. गृहभेट, नातेवाईक, शेजार, हेच होतं सगळं.

भाषेचा धसका घेऊ नका, पण कान उघडे ठेवा. तिथे ‘नैराश्य’ शब्दाने काही हाती लागत नाही. लोक म्हणतात ‘चिंता लागेर’, ‘ओशांती लागेर’. मराठी माणसाला निम्मं आपोआप कळतं. हेच शब्द वापरून विचारा, तपासणीच्या फॉर्ममधले नकोत.

दुसरी पोस्टिंग येईपर्यंत तुम्ही स्वतः रुग्ण फारसे पाहतच नाही. स्थानिक समुपदेशकांना शिकवणं आणि दर आठवड्याला त्यांचं सुपरव्हिजन करणं, हेच मुख्य काम होतं. ‘प्रॉब्लेम मॅनेजमेंट प्लस’ ही ताणाखालच्या लोकांना मदत करायची जागतिक आरोग्य संघटनेची २०१६ ची पद्धत पाच बैठकांची आहे आणि ती तज्ज्ञ नसलेल्यांनीच चालवायची असते. मनोरुग्णालयात कनिष्ठांना शिकवायची संधी आली तर सोडू नका. इंग्रजीबरोबर फ्रेंच किंवा अरबी आली तर दारं भराभर उघडतात. बहुतेक जागा त्या त्या देशातल्याच लोकांमधून भरतात, तेव्हा पहिला अनुभव आपल्याच देशातल्या आपत्तीच्या कामातून घेणं सोपं पडतं.

टिकण्याबद्दल. लोकांना वाटतं त्या कहाण्या ऐकून माणूस खचतो. मला तसं फार झालं नाही. खचवतं ते निधी संपल्यामुळे चालू काम गुंडाळणं, आणि ज्या आईचा मुलगा आत्ताच सावरलाय तिला “पुढच्या महिन्यात मी नसेन” असं सांगणं. करार सहसा सहा महिने ते वर्षभराचे असतात, मध्ये रिकामे महिने जातात, आणि घरी परतल्यावर लोक पाच मिनिटं ऐकून विषय बदलतात. घरचं कोणी आजारी असेल, कर्ज असेल, तर आत्ता जाऊ नका. हे मी जाऊन आल्यावर शिकले. हँडओव्हरची, म्हणजे पुढच्या माणसाकडे काम सोपवायची, फाइल पहिल्या दिवसापासून लिहायला घ्या, त्याने निघताना अपराधीपणा थोडा कमी होतो.

आणि अर्जात तो ‘फक्त’ लिहू नका. किती गृहभेटी केल्या, त्यातली किती घरं रुग्णाला परत घ्यायला तयार नव्हती आणि त्यातल्या किती घरांनी शेवटी घेतलं, एवढं लिहा. मुलाखत त्यावरच होईल.