आमवातासह आयुष्यभर जगायचे आहे, हे मनाला कसे पटवावे?

निदानाला सहा महिने झाले, गोळ्या कायमच्या आहेत हे कळते, तरी मन मानत नाही, असे आपण लिहिले आहे. मी डॉक्टर नाही. सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात हिशेब लिहितो आणि बारा वर्षे याच आजाराचा रुग्ण आहे.

आजार एकदा स्वीकारला की सुटलो, असे मलाही वाटायचे. दुःखाच्या ज्या पाच अवस्था (नकारापासून स्वीकारापर्यंत) सर्रास सांगितल्या जातात, त्या एलिझाबेथ क्युब्लर-रॉस यांनी 1969 मध्ये मृत्यूच्या दारातील रुग्णांशी बोलून मांडल्या होत्या. आपल्याला तर पुढे कित्येक वर्षे काढायची आहेत, आणि आजार उसळला की जुने दुःख नव्याने येतेच. मायकेल बरी या ब्रिटिश समाजशास्त्रज्ञांनी 1982 मध्ये आमवाताच्याच रुग्णांविषयी लिहिले की असा आजार माणसाने गृहीत धरलेला आयुष्याचा क्रमच मोडतो. ते वाचले तेव्हा उमगले, की मी सुजलेल्या बोटांसाठी रडत नव्हतो, सौद्याला सर्वांच्या आधी हजर असणारा मी उरलो नव्हतो म्हणून रडत होतो.

दोन वर्षे मी हे लपवले, रोज नवी सबब सांगितली. शेवटी मालकांना सांगितले की सकाळी दीड तास हात आखडलेले असतात, म्हणून उशिरा येईन आणि त्याऐवजी संध्याकाळी थांबेन. ते लगेच हो म्हणाले. (लग्नकार्यात काढे सुचवणाऱ्यांना मात्र मी फक्त ‘बरं’ म्हणतो.)

घरी ‘आज कसं वाटतंय?’ या रोजच्या प्रश्नाने मी चिडत असे. पावसाळ्यात आम्ही सांगलीकर आयर्विन पुलाजवळची कृष्णेची पाणीपातळी विचारत असतो. 40 फूट इशारा, 45 फूट धोका. पत्नी आता तेवढेच विचारते, ‘आज किती?’ मी ‘बेचाळीस’ म्हटले की त्या दिवशी माझ्याकडून कोणी कसली अपेक्षा ठेवत नाही, आणि मला कण्हून ते सिद्धही करावे लागत नाही.

मनाचीही अशी धोक्याची पातळी ठरवून ठेवा. दोन आठवडे कशातच रस वाटला नाही, झोप उडाली किंवा गोळ्या सोडून द्याव्यात असे वाटू लागले, तर ते डॉक्टरांना स्पष्ट सांगा. या आजारात नैराश्य बऱ्याच जणांना येते आणि त्यावर उपचार आहेत. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक विनामूल्य असून तिथे मराठीतही बोलता येते. चौथ्या वर्षी मी ती पातळी ओलांडली होती, पण डॉक्टरांनी सांध्यांविषयीच विचारले आणि मीही सांध्यांविषयीच बोललो, त्यामुळे उपचार सुरू व्हायला आठ महिने गेले.