दुसरा रॉड धरायचा कुणी?

जुलै लागला की डेन्व्हरच्या आसपासची आपली मंडळी नदीकडे वळतात आणि माझ्याकडे पत्रं येऊ लागतात. या खेपेला बहुतेक पत्रांत फिरून फिरून एकच विषय आहे: फ्लाय फिशिंगला, म्हणजे बनावट किड्याने (फ्लायने) मासे धरायला, एकाहून जास्त रॉड न्यावेत का? म्हणून अख्खं सदर त्यालाच देते. काचेच्या टाकीतल्या गोल्डफिशला दिवसातून किती वेळा खायला घालावं असं विचारणाऱ्या वाचकांनी पुढच्या अंकापर्यंत धीर धरावा, आणि तोवर कमीच घालावं.

प्रश्न: ताई, फ्लाय फिशिंगला लागून मला तीन उन्हाळे झाले. परवा साउथ प्लॅट नदीवर डेकर्सला एक गृहस्थ गुडघाभर पाण्यात उभे होते. हातात एक रॉड, आणि कमरेच्या पट्ट्यात मागे खोचलेला दुसरा, तोही पूर्ण जोडलेला, लाइन ओवून तयार. मासे पृष्ठभागावर यायला लागले तसे त्यांनी रॉड बदलला आणि दोन मासे काढलेसुद्धा. मी तोवर निंफ (पाण्याखाली बुडणारी फ्लाय) सोडवून ड्राय फ्लाय (पाण्यावर तरंगणारी) बांधत होतो. मीही दोन रॉड न्यावेत का? नेलेच तर नऊ फुटांची दुसरी काठी पाण्यात ठेवायची कुठे?
– एक वाचक, ऑरोरा, कोलोरॅडो

उत्तर: ते गृहस्थ ट्रायकोसाठी तयारीने आले होते. साउथ प्लॅटवर जुलैअखेरपासून सप्टेंबरपर्यंत सकाळी हे इवलेसे किडे पाण्यावर थव्याने उडतात, तिथेच त्यांचं मीलन होतं, अंडी टाकून होतात आणि मग मेलेले किडे पंख पसरून पाण्यावर पडतात. ट्राउट त्या वेळी जागचा हलत नाही. एका ठिकाणी तरंगत राहून एकामागून एक टिपत बसतो. हा प्रकार फार तर तास-दीड तास चालतो.

त्याच्या आधी मात्र मासा तळाशी खात असतो. म्हणजे तुमच्या लीडरवर (जाड लाइनच्या पुढे जोडलेल्या बारीक दोऱ्यावर) इंडिकेटर म्हणजे तरंगणारी खूण, शिशाचे मणी आणि दोन निंफ असतात. ते सगळं काढायचं, लीडर लांबवायचा, त्याला ६एक्सचा टिपेट, म्हणजे टोकाचा सगळ्यांत बारीक दोरा, जोडायचा आणि २४ नंबरच्या इवल्याशा फ्लायच्या डोळ्यात तो ओवायचा. ६एक्स म्हणजे इंचाचा पाच हजारावा भाग नव्हे हं, पाच हजारांश इंच जाडी, साधारण पाव मिलिमीटरच्या निम्मी. चाळिशी लागलेल्या माणसाला वाहत्या पाण्यात उभं राहून हे करायला पंधरा मिनिटं सहज लागतात. तेवढ्या वेळापुरता दुसरा रॉड खरोखर कामाचा आहे. आणखी एक प्रसंग म्हणजे आभाळ दाटून आलं आणि अचानक स्ट्रीमर (लहान माशासारखी दिसणारी मोठी फ्लाय) मारावासा वाटला. त्याला जाड टिपेट लागतो, रॉडही जरा दणकट हवा.

एरवी दिवसभर तो दुसरा रॉड तुमच्या पाठीमागे विलोच्या फांद्या गोळा करत फिरतो. मी तो ट्रायकोच्या सकाळी आणि होडीत, एवढ्या दोनच वेळी नेते.

आता ठेवायचा कुठे. काठावर आडवा कधीच ठेवू नका. गवतात पडलेला रॉड दिसत नाही आणि त्यावर पाय देणारा माणूस बहुतेक वेळा आपणच असतो. झुडपाला उभा टेकवलेला बरा, पण मग तुम्ही प्रवाहाच्या वर वर सरकत जाता आणि रॉड राहतो खाली दोनशे पावलांवर. नेमक्या वेळी तो तिथे असून उपयोग काय?

कमरेच्या पट्ट्यात खोचायची पद्धत त्या गृहस्थांना जमत असेल, मला आवडत नाही. मागे फेकलेली लाइन त्याच रॉडला वेढे घालते. खोचायचाच असेल तर ज्या हाताने फेकता त्याच्या विरुद्ध बाजूला खोचा आणि फ्लाय काढून ठेवा. मोकळी फ्लाय आधी तुमच्या बाहीला लागते, मग जाळीला, मग सोबत्याच्या टोपीला.

माझी रीत अशी. चार तुकड्यांचा नऊ फुटी रॉड घरीच पूर्ण जोडून लाइन आणि लीडर ओवून घ्यायचा. मग फक्त मधला सांधा सोडवायचा आणि खालचे दोन व वरचे दोन तुकडे एकमेकांशेजारी धरून दोन ठिकाणी वेलक्रोची पट्टी आवळायची. लाइन कड्यांतून काढायची नाही. साडेचार फुटांची जुडी होते, ती पाठपिशवीच्या बाजूला बांधली की डोक्याच्या फार वर जात नाही. रीळ फिरवून लाइन अगदी ताणू नका, नाहीतर टोकाचा तुकडा वाकून राहतो. लीडर रिळाच्या मागून वळसा देऊन वरच्या कड्यात अडकवायचा, म्हणजे लीडर आणि लाइनची गाठ टोकाच्या कड्याबाहेर राहते आणि जोडताना आत ओढली जाऊन अडकत नाही. जोडल्यावर कडी एका रेषेत आहेत ना ते बघा आणि सांधा नीट दाबा. ढिला सांधा चौथ्या-पाचव्या फेकीला टोकाचा तुकडा पाण्यात पाठवतो. सगळ्याला मिनिटभर लागतं.

चीझमन कॅन्यनला जात असाल तर हे जास्तच लक्षात ठेवा. १९०५ साली पुरं झालेल्या धरणाखालचं ते पाणी, तिथे गिल ट्रेलने दगडांतून, पाइनमधून चालत जावं लागतं. हातातला रॉडसुद्धा रीळ पुढे आणि टोक मागे असा धरून चाला. टोक पुढे असलं की पाय घसरताच ते पहिल्या खडकावर जातं.

आणि विजेचं. कोलोरॅडोत जुलै-ऑगस्टच्या दुपारी डोंगरावर ढग जमायला वेळ लागत नाही. आपले रॉड ग्रॅफाइटचे, म्हणजे कार्बनचे, आणि कार्बन विजेचा वाहक आहे. पट्ट्यात उभा खोचलेला रॉड तुमच्या डोक्याच्या वर चार-पाच फूट जातो, तेही तुम्ही पाण्यात उभे असताना. गडगडाट कानावर आला की पाण्याबाहेर या, दोन्ही रॉड जमिनीवर टाका आणि त्यांच्यापासून लांब जा. गाडीत बसता आलं तर उत्तम. शेवटचा आवाज ऐकल्यावर अर्धा तास तरी परत उतरू नका. मासे कुठे जात नाहीत.

पण तुमची खरी अडचण रॉडची नाही, बांधायच्या वेळाची आहे, आणि त्यावर स्वस्त तोड आहे. लीडरच्या टोकाला टिपेट रिंग बांधा, दोन मिलिमीटरची असते. मणी, निंफ सगळं तिच्या खाली. इंडिकेटर चिमट्यासारखा काढता येणारा घ्या. आदल्या रात्री जेवणं उरकली की स्वयंपाकघरातल्या टेबलावर, भरपूर उजेडात, चष्मा लावून ६एक्सच्या चार-पाच तुकड्यांना ट्रायको बांधून ठेवा आणि फोमच्या फिरकीवर गुंडाळा. नदीवर रिंगच्या खाली कात्री, इंडिकेटर खिशात, तयार तुकड्याची एक गाठ रिंगला. दोन-तीन मिनिटांत ड्राय फ्लाय पाण्यावर. हा एक मोसम असं करून बघा. त्यानंतरही चुकल्यासारखं वाटलं तर पुढच्या वर्षी दुसरा रॉड न्या.

प्रश्न: दोन रॉड जवळ ठेवायला वेगळा परवाना लागतो का?
– एक वाचक, कोलोरॅडो स्प्रिंग्ज

उत्तर: जवळ ठेवायला नाही, एकाच वेळी दोन्ही पाण्यात टाकायला लागतो. मालवणच्या जेटीवर गरवायला बसलेली माणसं दोन-दोन दोर सोडून बसतात, तसं इथे करायचं असेल तर कोलोरॅडोत मासेमारीच्या परवान्यावर दुसऱ्या रॉडचा स्टॅम्प घ्यावा लागतो. फ्लाय फिशिंगमध्ये तशी वेळ येत नाही, दोन्ही हात एकाच रॉडला पुरत नाहीत. मात्र एक रॉड हातात आणि दुसऱ्याची फ्लाय काठाशी पाण्यात लोंबतेय, असं असेल तर वॉर्डनशी वाद घालत बसावं लागेल. दुसऱ्याची फ्लाय कड्यात अडकवून ठेवा.

प्रश्न: आम्ही न्यू जर्सीहून ऑगस्टमध्ये माँटानाला जातोय. एक दिवस मॅडिसन नदीवर गाइडच्या होडीतून, दोन दिवस यलोस्टोनमध्ये आमचे आम्ही. गाइड म्हणतो, जमलं तर माणशी दोन-तीन रॉड आणा. एवढे कशाला? आणि विमानात नेऊ देतात का?
– एक जोडपं, एडिसन

उत्तर: होडीत गाइडचं म्हणणं बरोबर आहे. होडी वाहत असते. समोरची खळाळती जागा अर्ध्या मिनिटात मागे पडते, तेवढ्यात गाठ कोण मारणार? म्हणून एक रॉड ड्रायचा, एक निंफचा, एक स्ट्रीमरचा असे मांडणीत तयार ठेवतात आणि हात लांब करून उचलतात. पण बहुतेक गाइडांकडे त्यांचे रॉड असतात, आधी विचारून घ्या. तुम्ही दोघांचे मिळून दोन न्या आणि बाकीचे त्याचे वापरा. मॅडिसनवर आणखी एक गोष्ट आहे. क्वेक लेकपासून लायन्स ब्रिजपर्यंत होडीत बसून मासे धरायला बंदी आहे. होडीने जायचं, उतरायचं, पाण्यात उभं राहून फेकायचं. त्या टप्प्यात असाल तर उतरताना एकच रॉड घ्या.

यलोस्टोनमध्ये तर नियमच माणशी एक रॉडचा आहे, आणि तो सोडून इकडे तिकडे जायचं नाही. बाकीचंही आताच सांगते. गळाच्या टोकाला उलटा काटा नको, शिशाचे मणी नकोत, आणि नमद्याच्या तळव्याचे बूट २०१८ पासून बंद आहेत. फायरहोलवर फक्त फ्लायनेच मासे धरता येतात. पार्कचा परवाना वेगळा, माँटानाचा वेगळा. दोन्ही काढा.

विमानाचं म्हणाल तर अमेरिकेतल्या सुरक्षा तपासणीत रॉडला हरकत नसते. चार तुकड्यांच्या रॉडची नळी साधारण अडीच फुटांची होते आणि केबिन बॅगेची मर्यादा बऱ्याच कंपन्यांत २२ इंच आहे, त्यामुळे आत घेऊ द्यायची की नाही ते विमान कंपनी ठरवते. आधी फोन करा. मोठे गळ खालच्या सामानात टाका. रीळ मात्र हातातल्या बॅगेत ठेवा. सामान माँटानाला न येता भलतीकडे गेलं तर रॉड उसना मिळतो, हाताच्या सवयीचं रीळ मिळत नाही.

प्रश्न: माझ्या नवऱ्याकडे चार नंबरचा आणि पाच नंबरचा रॉड आहे. आता सहा नंबरचा हवाय. दोन्हींत बसत नाही असं काम त्याला करायचंय म्हणे. खरं आहे का?
– एक वाचक, फोर्ट कॉलिन्स

उत्तर: नाही. रॉडचा नंबर म्हणजे लाइनचं वजन, पहिल्या तीस फुटांचं. चार नंबरला १२० ग्रेन, पाचला १४०, सहाला १६०. ग्रॅममध्ये सांगायचं तर पाच नंबरची तीस फूट लाइन नऊ ग्रॅमच्या आसपास भरते आणि सहाची त्याहून सव्वा-दीड ग्रॅम जास्त. तेवढ्या फरकासाठी कुणी नवा रॉड घेत असेल तर त्याला नवा रॉड हवाय, एवढंच समजा. पाच आणि आठ अशी जोडी म्हणाला असता तर मी त्याची बाजू घेतली असती. आठला २१० ग्रेन, ते काम वेगळंच आहे. चार नंबरचा विकून ते पैसे सहात घालायची तयारी असेल तर जरूर घेऊ द्या. पाच तुम्ही वापरा.

प्रश्न: मी पुण्याची. ऑक्टोबरच्या सुट्टीत आधी हिमाचलातल्या तीर्थन खोऱ्यात ट्राउटसाठी आणि मग उत्तराखंडात महसीरसाठी जायचा बेत आहे. एकाच रॉडवर भागेल का?
– एक वाचक, कोथरूड

उत्तर: भागणार नाही, आणि या सदरात दोन रॉड न्याच असं मी फक्त तुम्हाला सांगते आहे. तीर्थन दगडगोट्यांची नदी आहे. तिथला ब्राउन ट्राउट ब्रिटिशांनी आणून सोडलेला, फार मोठा नसतो, आणि त्याला साडेआठ-नऊ फुटांचा चार किंवा पाच नंबर पुरतो. महसीर प्रवाहाच्या दिशेने अशी धाव घेतो की पाच नंबरच्या रॉडने तो थांबत नाही. तिथे आठ किंवा नऊ नंबर हवा, चांगला ब्रेक असलेलं रीळ हवं, आणि लाइनच्या मागे भरपूर बॅकिंग, म्हणजे रिळावरची जादा दोरी.

तुमच्या बाबतीत सुट्या टोकाचाही विचार करा. डेन्व्हरला रॉड मोडला तर तासाभरात दुकान गाठता येतं. बंजारला किंवा रामगंगेच्या काठी मोडला तर सहल तिथेच संपली. रॉड मोडतो तो बहुतेक टोकाच्या तुकड्यात, आणि मासा लागलेला असताना कमी, गाडीच्या दारात जास्त. कंपनीकडून आठ नंबरचं एक जादा टोक मिळालं तर घेऊन ठेवा. नाहीच मिळालं तर स्वस्तातला दुसरा आठ नंबर बॅगेत टाका, जुडी न करता, नळीतच.

हिमाचलात ट्राउटचा मोसम ऑक्टोबरअखेर संपतो, नोव्हेंबर ते फेब्रुवारी बंदी असते. म्हणून आधी तीर्थन, मग उत्तराखंड हा तुमचा क्रम बरोबर आहे, तो उलटा करू नका. परवाने दोन्ही राज्यांचे वेगवेगळे, आणि उत्तराखंडात नदीचा कुठला पट्टा खुला आहे ते निघण्यापूर्वी विचारून घ्या. महसीर पाण्यातच धरून, पाण्यातच सोडा. तोवर हात चाळवले म्हणून महाडकडे वळू नका. तिथे वाळण कोंडीतले मासे देवीचे आहेत, त्यांना चुरमुरे घालायचे असतात.