ये, पण विसरायला म्हणून येऊ नकोस

तू विचारलंयस, "ताई, नवरा जाऊन सात महिने झाले. तुम्ही राहता त्याच देशातली नोकरी हातात आहे. इथे जिथे तिथे तोच दिसतो. तिकडे आले की विसरेन ना?"

नोकरी जरूर घे. पण विसरणं होणार नाही. मीही माझा नवरा गेल्यावर दहाव्या महिन्यात अशीच निघाले होते. त्या रात्री त्याच्या छातीत दुखत होतं आणि मी म्हणाले, ॲसिडिटी असेल, झोप. पहाटे तो गेला. ते वाक्य इथेही माझी पाठ सोडेना.

ऑफिसात पहिल्याच दिवशी फॉर्म आला. 'तातडीच्या वेळी कोणाला कळवावे' या रकान्यात मी सवयीने त्याचंच नाव लिहिलं, नंबरसुद्धा. मग खोडलं, आणि पुढे काही सुचेना. दीड वर्ष तो रकाना रिकामा होता.

नव्या देशात तुझं काय गेलंय हे कुणालाच ठाऊक नसतं. सुरुवातीला बरं वाटतं. मग लक्षात येतं की त्याचं नाव काढायलाही कुणी नाही. म्हणून समुपदेशक निघायच्या आधीच शोध, आपल्या भाषेत बोलणारी, ऑनलाइनही चालते. माझीने मला श्ट्रोबे आणि शूट या संशोधकांची १९९९ सालची मांडणी सांगितली: मन कधी दुःखाकडे वळतं, कधी रोजच्या व्यवहाराकडे, आणि ही ये-जा व्हावीच लागते. मी नुसती कामात बुडाले होते.

अपराधीपणा मात्र बोलून गेला नाही. शेवटी प्रथमोपचाराच्या वर्गात नाव घातलं. हृदय बंद पडलं तर काय करायचं याचा तिथे सराव: पुतळ्याच्या छातीवर तळहात ठेवून पाच ते सहा सेंटिमीटर खोल दाबायचं, मिनिटाला १०० ते १२० वेळा. तीस दाबांनंतर दोन श्वास. पंधराव्या दाबाला मला रडू फुटलं. शिकवणाऱ्या बाईंनी थांबवलं नाही, शेजारी बसून त्या आकडे मोजत राहिल्या. मी तीस पुरे केले. छातीतल्या दुखण्याला ॲसिडिटी समजण्याची चूक भल्याभल्यांची होते, हेही त्यांनीच सांगितलं. स्वतःला पूर्ण माफ केलंय असं नाही म्हणणार, पण 'मीच मारलं' हे म्हणणं थांबलं. आता त्या वर्गात नव्यांना शिकवायला मदत करते. त्याच्यावरचं प्रेम कुठे ठेवावं हे कळत नव्हतं, ते तिथे कामी येतं.

कागदांचं थोडक्यात: पदवी, लग्नाचा आणि मृत्यूचा दाखला अपोस्टिल करून आण, म्हणजे कागद खरा असल्याचा सरकारी शिक्का घेऊन. १९६१ च्या हेग करारातल्या बहुतेक देशांत तो शिक्का चालतो, वकिलातीच्या खेपा वाचतात. नावाचं स्पेलिंग सगळीकडे एकच आहे ना, बघ. आणि फोन बदलण्याआधी त्याच्या आवाजातले मेसेज दुसरीकडे उतरवून ठेव. माझे गेले.

माझ्या रकान्यात आता त्याच वर्गातल्या एका मैत्रिणीचं नाव आहे. तू आलीस की तुझ्या फॉर्मवर सध्या माझा नंबर लिही.